नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

मानसिक आजाराच्या निदानाबद्दल माझी एक समजूत बरीच वर्षं पक्की होती. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं की निम्मं काम झालं, असं मी धरून चालत असे. मलेरियात रक्ताच्या थेंबात परजीवी दिसतो, हाड मोडलं तर एक्स-रेमध्ये भेग दिसते. तसंच डिप्रेशन किंवा स्किझोफ्रेनिया माणसाच्या आत कुठेतरी दडून बसलेला असतो आणि डॉक्टर तो हुडकून काढतात, असा तो समज. तो चुकीचा आहे, आणि त्याची किंमत रुग्णाला आणि घरच्यांना मोजावी लागते, म्हणून हे लिहितो आहे. चूक कुठे आहे ते एका साध्या प्रश्नोत्तरात कळतं. याला इतकं उदास का वाटतं? कारण याला डिप्रेशन आहे. डिप्रेशन आहे हे कशावरून? दोन-अडीच आठवडे झाले, हा उदास आहे, झोप नाही, कशात मन नाही, त्यावरून. आपण फिरून पहिल्याच जागी आलो. नावाने लक्षणांची मोट बांधली, कारण मात्र सांगितलं नाही. चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार आहेत आणि ते कारणांवरून पाडलेले आहेत: वात, पित्त, कफ, तिन्ही दोष मिळून, आणि बाहेरून आलेला तो आगंतू. ती कारणं आज आपण मानू वा न मानू. पण आजच्या वर्गीकरणाने कारणांचा दावा बहुतांशी जाणूनबुजून सोडून दिला आहे, हे ध्यानात घ्यायला हवं. १९८० साली रॉबर्ट स्पिट्झर यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या ‘डीएसएम’ या पुस्तिकेची तिसरी आवृत्ती आली, तेव्हा कारणांवर एकमत होत नाही तर निदान लक्षणांवर तरी करू, असाच व्यवहार झाला.

केसपेपरच्या कोपऱ्यात कधीकधी ‘एफ ३२.१’ असं काहीतरी खरडलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी’ या आजारांच्या यादीच्या दहाव्या आवृत्तीतला हा क्रमांक. एफ हे मानसिक आजारांचं प्रकरण, ३२ म्हणजे नैराश्याचा झटका, आणि शेवटचा १ म्हणजे मध्यम तीव्रतेचा. क्रमांक बघितला की मोजमाप झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात नैराश्याचं निदान मोजणीचं असलं तरी ती मोजणी तक्रारींची असते. ‘डीएसएम’नुसार नऊ लक्षणांपैकी किमान पाच, किमान दोन आठवडे, आणि त्यांत उदासी किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक हवंच. आता पाटी-पेन्सिल घेऊन बसा. पाचांच्या या अटीत बसण्याचे २२७ वेगवेगळे मार्ग निघतात. दोन माणसांना एकच निदान मिळालं तरी त्यांच्यात सामाईक लक्षण एकच असू शकतं. आणि कागदावर लक्षण एकच असलं तरी त्याचं रूप उलटं असू शकतं: एकाची झोप उडालेली, भूक मेलेली, दुसरा दिवसभर झोपतो आणि मन मारायला खात सुटतो. शेजारच्या काकूंना लागू पडलेली गोळी आपल्या भावाला का लागू पडत नाही, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

काळाच्या मर्यादाही माणसांनीच आखलेल्या आहेत. भास आणि संशय अचानक सुरू झाले तर ‘आयसीडी’च्या दहाव्या आवृत्तीत पहिला महिनाभर त्याला तीव्र, अल्पकालीन सायकोसिस म्हणतात, स्किझोफ्रेनियाची ठरावीक लक्षणं महिन्यापलीकडे टिकली की नाव बदलून स्किझोफ्रेनिया होतं. अमेरिकी पुस्तिका त्याच नावासाठी सहा महिने थांबायला सांगते. म्हणजे तिसऱ्या महिन्यातला तोच रुग्ण, तीच लक्षणं, आणि पुस्तक बदललं की नाव वेगळं. हा किस पाडण्याचा प्रकार नव्हे. अल्पकालीन सायकोसिस आपल्यासारख्या देशांत तुलनेने जास्त आढळतो आणि त्यातले बरेच जण पूर्ण बरे होतात. दहाव्या दिवशी कोणी घाईने ‘स्किझोफ्रेनिया’ उच्चारला आणि घरच्यांनी तो जन्माचा मानला, तर कॉलेज सुटतं, ठरत आलेलं लग्न मोडतं. दुःखाचंही तसंच. जवळचं माणूस गेल्यावर पहिले दोन महिने नैराश्याचं निदान सहसा करू नये, अशी सवलत ‘डीएसएम’च्या चौथ्या आवृत्तीत होती, २०१३च्या पाचव्या आवृत्तीने ती काढली. पुढे २०२२च्या सुधारित आवृत्तीत लांबलेल्या शोकाचं स्वतंत्र निदान आलं, प्रौढांसाठी बारा महिन्यांच्या अटीसह. ‘आयसीडी’च्या अकराव्या आवृत्तीत हीच अट सहा महिन्यांची आहे. आपल्याकडे वर्षश्राद्ध झालं की घर पुन्हा शुभकार्याला मोकळं होतं. कोणत्याही समितीने न बसवलेला हा बारा महिन्यांचा हिशेब अमेरिकी समितीच्या हिशेबाशी जुळावा, याची मला गंमत वाटते.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग हे सगळं थोतांडच झालं की. समलैंगिकतेचा दाखला तर हमखास दिला जातो: १९७३ साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ती आजारांच्या यादीतून काढली आणि पुढच्या वर्षी सभासदांच्या मतदानाने त्यावर शिक्कामोर्तब झालं. मतदानाने जातो तो कसला आजार? आक्षेपात तथ्य आहे. पण यादी चुका दुरुस्त करू शकते, हेही त्यातूनच दिसतं. शिवाय रेषा आखणं हा काही मनोविकारशास्त्राचा एकट्याचा दोष नव्हे. उच्च रक्तदाबाची रेषा अमेरिकी हृदयतज्ज्ञांनी २०१७ साली १४०/९० वरून १३०/८० वर आणली; एका रात्रीत कितीतरी माणसं ‘बीपीवाली’ झाली, म्हणून रक्तदाब खोटा ठरत नाही. निकषच नसले तर काय होतं तेही पाहिलेलं आहे. न्यूयॉर्क आणि लंडनमधल्या रुग्णालयांत दाखल होणाऱ्यांची तुलना १९७२ साली प्रसिद्ध झाली. न्यूयॉर्कमध्ये स्किझोफ्रेनियाचं निदान कितीतरी जास्त होत होतं. पण दोन्हीकडच्या रुग्णांना एकाच ठरावीक मुलाखतीने तपासल्यावर हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. रुग्ण सारखेच होते, डॉक्टरांच्या सवयी वेगळ्या होत्या. निकषांनी या सवयींना लगाम घातला, हे त्यांचं मोठंच काम.

लगाम घट्ट बसला, असं मात्र म्हणवत नाही. ‘डीएसएम’ची पाचवी आवृत्ती येण्याआधी दोन डॉक्टर स्वतंत्रपणे एकाच निदानाला पोचतात का, हे तपासलं गेलं. योगायोगाने जुळणारा भाग वजा करून एकमत मोजायचं, संपूर्ण एकमत म्हणजे १. आघातोत्तर तणावाला, म्हणजे पीटीएसडीला, ०.६७ मिळाले, स्किझोफ्रेनियाला ०.४६, आणि ज्याचं नाव उठता-बसता घेतलं जातं त्या नैराश्याला ०.२८. त्याच सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचे संचालक थॉमस इन्सेल यांनी ही पुस्तिका फार तर शब्दकोशासारखी आहे, अशा अर्थाचं मत जाहीरपणे मांडलं. टीका म्हणून ते बोचरं असलं, तरी मला ते वापरणाऱ्याच्या सोयीचं वाटतं. शब्दकोशामुळे दोन माणसं एका शब्दाने एकच गोष्ट समजतात, आणि ठाण्याच्या डॉक्टरने लिहिलेली चिठ्ठी नागपूरच्या डॉक्टरला वाचता येते. त्याच्याकडून त्याहून जास्त मागू नये.

डेव्हिड रोझनहॅन यांचा १९७३चा प्रयोगही वारंवार पुढे केला जातो. आवाज ऐकू येतात एवढंच सांगून धडधाकट माणसं मनोरुग्णालयांत दाखल झाली आणि मग नेहमीसारखी वागूनही सरासरी १९ दिवस आत राहिली, असं त्यांनी लिहिलं. सुझाना कॅहलन यांनी २०१९च्या पुस्तकात या नोंदींवर गंभीर शंका घेतल्या आहेत, त्यामुळे मी त्यावर इमारत उभी करणार नाही. पण त्यातली एक गोष्ट कोणत्याही घरात पडताळून पाहता येते. नाव एकदा चिकटलं की माणसाचं साधं वागणंही त्या नावातून वाचलं जातं. तो चिडला, गोळी चुकली असेल. तो फार हसला, पुन्हा सुरू झालं वाटतं. पगार थकल्यामुळे माणूस चिडू शकतो, हे घरातल्या कोणाच्या ध्यानात येत नाही.

तेव्हा नाव हातात आलं की ते आजच्या तारखेचं आहे, असं धरावं. डॉक्टरांना सरळ विचारावं: हे पक्कं आहे की तात्पुरतं? कोणत्या लक्षणांवरून ठरवलं? आणखी कशाची शक्यता तुमच्या डोक्यात आहे, आणि पुन्हा केव्हा तपासायचं? असं विचारणं हा उद्धटपणा नव्हे. चांगल्या मानसोपचारतज्ज्ञाच्या मनात हे प्रश्न आधीच असतात. थायरॉइड मंदावलं किंवा बी-१२ कमी पडलं तर नैराश्यासारखं चित्र दिसू शकतं, म्हणून रक्ताच्या तपासण्या झाल्या का, हेही विचारावं. दारू आणि चालू असलेली इतर औषधं लपवू नयेत. सर्वांत महत्त्वाचं ते उत्साहाच्या दिवसांचं. बायपोलर आजार पुष्कळदा उदासीनेच सुरू होतो, आणि मधले दोन-तीन तास झोपून कामाचा डोंगर उपसण्याचे, पैसे उधळण्याचे दिवस रुग्णाला आजार वाटतच नाहीत; ते तर त्याचे आयुष्यातले चांगले दिवस असतात. ते सांगायचं काम घरच्यांचं. ते राहून गेलं की निदान नैराश्याचं होतं, आणि नुसती नैराश्याची गोळी अशा माणसाला उन्मादाकडे ढकलू शकते. ऑनलाइन प्रश्नावली सोडवून २७ पैकी १५ गुण पडले, तर डॉक्टरकडे जायला ते पुरेसं कारण आहे. निदान म्हणून ते मिरवू नये. आणि निदानाबद्दल शंका आली म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत. शंका नावाबद्दल असते, त्रास मात्र खरा असतो.

राहिला प्रश्न नाव ठेवण्याचा आणि नावं ठेवण्याचा. लोक नावं ठेवतील या धास्तीने निदानच नको म्हणणारी घरं पुष्कळ आहेत, आणि त्यांना भित्रं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने मात्र काही गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक वा धार्मिक चालीत बसत नाही म्हणून कोणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. पूर्वी उपचार झाले होते एवढ्यावरून आजही आजार आहे असं म्हणता येत नाही. आणि आपली वैद्यकीय कागदपत्रं मिळण्याचा हक्क रुग्णाला आहे. तो वापरावा. डॉक्टर बदलताना बहुतेक जण ताजी चिठ्ठी तेवढी घेऊन जातात, आणि नवे डॉक्टर तीवरचंच नाव पुढे उतरवतात. कागद तारखेने लावावेत, सर्वांत जुना वर, आणि त्याच्याही वर अर्ध्या पानात रुग्णाच्या आणि घरच्यांच्या शब्दांत लिहावं: काय होतंय, केव्हापासून, त्याआधी हा माणूस कसा होता. त्या अर्ध्या पानावर आजाराचं नाव लिहू नये.