पूर्णतेचे वाक्प्रचार : इंग्रजी आणि मराठी

नंदुरबार जिल्ह्यातील अनेक विद्यार्थ्यांची घरची बोली भिली किंवा पावरी, शाळेची भाषा मराठी आणि इंग्रजी त्यानंतरची. इंग्रजी वाक्प्रचार ते मराठीच्या आधाराने समजून घेतात. मराठी प्रतिशब्द चुकला, तर ती चूक दोन्ही भाषांत मुरते. पूर्णता दर्शविणाऱ्या वाक्प्रचारांत असे वारंवार घडते.

एखादी गोष्ट संपूर्ण आहे हे सांगण्यासाठी इंग्रजी भाषा पुष्कळदा तिचे भागच मोजून दाखवते. 'लॉक, स्टॉक अँड बॅरल' ही बंदुकीची तीन अंगे : बार उडविणारी यंत्रणा, दस्ता आणि नळी. 'हुक, लाइन अँड सिंकर' म्हणजे गळ, दोरी आणि शिशाचे वजन. आमिषाबरोबर हे सारे गिळणारा मासा म्हणजे थापेवर सर्वस्वी विश्वास ठेवणारा माणूस. 'रूट अँड ब्रँच' म्हणजे मूळ आणि फांदी. बिशपांची सत्ता समूळ नष्ट करावी, असा जो अर्ज लंडनच्या नागरिकांनी १६४० मध्ये पार्लमेंटकडे केला, तो याच नावाने ओळखला जातो.

मराठीची रीतही अशीच आहे. आमूलाग्र म्हणजे मुळापासून शेंड्यापर्यंत, नखशिखांत म्हणजे नखापासून शेंडीपर्यंत, सांगोपांग म्हणजे अंगे-उपांगे धरून. दशमान नाणी १९५७ मध्ये आली, तरी 'सोळा आणे खरे' ही बोलण्याची पद्धत टिकली. मात्र यांतील प्रत्येक शब्दाचे सोबती ठरलेले असतात. बदल आमूलाग्र होतो, चर्चा सांगोपांग होते, माहिती इत्थंभूत मिळते. पावसात सापडलेला माणूस नखशिखांत भिजतो. तो सांगोपांग भिजला असे कोणी म्हणत नाही! शासकीय लेखनात आढळणारे 'समूळ निर्मूलन' हेही तपासून पाहावे. निर्मूलनात मूळ आलेलेच आहे, ते दुसऱ्यांदा उपटण्याचे कारण नाही.

खरी कसोटी लागते ती 'लॉक, स्टॉक अँड बॅरल' या प्रयोगाची. शब्दकोश चाळणारा विद्यार्थी येथे 'चंबूगबाळे' लिहून मोकळा होतो. आशय जवळचा आहे. पण चंबूगबाळे आवरणाऱ्याकडे मराठी किंचित तुच्छतेने पाहते, इंग्रजी वाक्प्रचारात ती छटा नाही. आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घेऊ. सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील नर्मदाकाठची ३३ गावे बाधित झाली. तेथील अनेक कुटुंबे तळोदे तालुक्यातील सोमावल, रोझवा यांसारख्या वसाहतींत आली. त्यांनी चंबूगबाळे आवरले असे लिहिणे अनुचित होईल. 'बिऱ्हाड-बाजल्यासह आली' हा प्रयोग सौम्य आणि अधिक नेमका आहे.

तरीही एक प्रश्न उरतो. नेमके पूर्ण काय झाले? काही कुटुंबे नदीकाठीच राहिली. काही ठिकाणी एकाच घरातील भाऊ दोन जागी विभागले गेले. 'गाव बिऱ्हाड-बाजल्यासह वसाहतीत आले' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, परंतु अशा गावाविषयी ते खरे नाही. तेथे 'गावातील काही कुटुंबे बिऱ्हाड-बाजल्यासह आली' असेच लिहावे लागते.