धूम्रपानमुक्त वस्ती : उत्तर कारेलियाचा धडा

विडी-सिगारेट ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. परंतु घरातील कर्ता पुरुष ऐन पन्नाशीत हृदयविकाराने गेला, की उघड्यावर पडतो तो संपूर्ण संसार. म्हणून व्यसनमुक्ती हे एकट्या व्यसनी माणसाचे नव्हे, तर साऱ्या वस्तीचे काम आहे. ते कसे करावे, हे समजून घेण्यासाठी फिनलंड देशातील उत्तर कारेलिया प्रांताचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे.

हा लाकूडतोडे व लहान शेतकऱ्यांचा, तुलनेने गरीब प्रांत. लोकसंख्या सुमारे १ लाख ८० हजार. तेथील पुरुष ऐन उमेदीत हृदयविकाराने दगावत. १९७१ मध्ये स्थानिक प्रतिनिधींनीच शासनाला निवेदन देऊन मदत मागितली. १९७२ मध्ये डॉ. पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरांच्या नेतृत्वाखाली कार्यास प्रारंभ झाला. त्या वेळी मध्यमवयीन पुरुषांपैकी ५२ टक्के धूम्रपान करीत होते.

या कार्याची पद्धत अशी होती :

१) डॉक्टर व परिचारिका तपासणीच्या वेळी धूम्रपानाची चौकशी करून सोडण्याचा सल्ला देत.

२) गावात ज्यांच्या शब्दाला मान आहे, अशा सामान्य स्त्री-पुरुषांना प्रशिक्षण देण्यात आले. महिला मंडळेही कामास लागली.

३) दुकाने, कचेऱ्या व सभास्थानी धूम्रपान न करण्याविषयीचे फलक लागले.

४) १९७८ पासून दूरदर्शन कार्यक्रमांतून, धूम्रपान सोडू पाहणाऱ्या लोकांचा गट प्रेक्षकांसमोर बसून आपल्या अडचणी सांगू लागला. घरोघरचे लोक त्यांच्याबरोबर प्रयत्न करू लागले.

५) मित्रांनी आग्रह केल्यास नकार कसा द्यावा, हे शाळांतून शिकविले गेले.

१९७६ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आणली, त्याचेही साहाय्य झाले. १९९७ पर्यंत धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. हृदयविकाराने होणारे मृत्यूही फार घटले. त्यात आहारातील बदलाचा वाटा मोठा होता. मात्र याच काळात स्त्रियांमधील धूम्रपान वाढले. म्हणजे एका गटाकडे लक्ष देताना दुसरा गट सुटता कामा नये.

हा इशारा आपल्यालाही लागू आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करतात, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के आहेत. विडी विझली आणि तंबाखूची चंची किंवा मिश्रीची डबी उघडली, तर साधले काय?

यासाठी पैशापेक्षा निश्चय हवा. दुःखाच्या बैठकीत वा लग्नमंडपात विडीकाडी व तंबाखू ठेवण्याची प्रथा बंद करावी. वडीलधाऱ्यांनी मुलांना विडी आणायला दुकानात धाडू नये. २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास मनाई आहे, हे दुकानदारांना समजावून सांगावे. सोडू इच्छिणाऱ्यास १८००-११-२३५६ या निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी सेवेची माहिती द्यावी. तो पुन्हा घसरला तर त्याची टिंगल न करता पुन्हा हात द्यावा.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या गल्लीतील किती घरांत विडी, तंबाखू वा मिश्री आहे, याची नोंद घेऊन कामाला सुरुवात करा. वर्षाने पुन्हा मोजा. आकडा खाली आला, तर तितके संसार सावरू लागले असे समजा.