विनामूल्य वस्तूची पावती

संगणकदुरुस्तीच्या ज्या दुकानदाराने माझ्याकडून ‘सॉफ्टवेअर चार्जेस’ या सदराखाली बाराशे रुपये वसूल केले, त्याने त्या मोबदल्यात दिलेली वस्तू जगात कोणासही विनामूल्य मिळते, आणि तीही त्याने मला खरी दिली नाही, ही हकीकत जाहीर करणे मी माझे कर्तव्य समजतो. कारण हाच प्रसंग आमच्या गावातील इतर निवृत्त मंडळींवर येऊ नये, आणि ‘काकांना यातलं काही कळत नाही’ हा त्याने चार लोकांदेखत मारलेला शेराही अनुत्तरित राहू नये.

माझी गरज साधी होती. ख्यालाच्या जुन्या मैफलींच्या ध्वनिचित्रफितींतील एखादी तान मनात ठसेपर्यंत तेवढाच तुकडा संथ गतीने पुनःपुन्हा ऐकावा लागतो. ब्राउझरमध्ये गती कमी करता येते, पण दोन क्षणांमधील भाग सतत फिरता ठेवण्याची सोय तेथे नसते. व्हीएलसी या प्लेअरात ‘व्ह्यू’मधून ‘ॲडव्हान्स्ड कंट्रोल्स’ दाखवावयास सांगितले की ए आणि बी अशा खुणांची कळ समोर येते. शिवाय माझ्या संगणकावर ब्राउझरमधील चित्र अडखळत असे. मी दुकानात गेलो, तर यंत्राकडे धड न पाहता निकाल मिळाला : ‘मशीनचं वय झालंय काका, नवीनच घ्या.’

मी नवीन यंत्रास ठाम नकार दिला, तेव्हा नाराजीनेच त्याने ‘व्हीएलसी’ बसवून दिले व पावती फाडली. हे २०२२ च्या पावसाळ्यातले. पुढे ब्राउझरचे पहिले पान परस्पर बदलले, जाहिरातींच्या चौकटी उघडू लागल्या आणि यंत्र पूर्वीपेक्षा मंद झाले. मी तक्रार घेऊन गेलो असता तो म्हणाला, ‘तुम्ही कुठंतरी नको तिथं क्लिक केलं असणार.’ मी तसे काहीही केले नव्हते. खुलासा लेखी द्या म्हटल्यावर मात्र त्याचा आवाज चढला : ‘अहो, सरकारनंच ती साइट बंद केलीय, मी आणू तरी कुठून?’

या एका वाक्यात सर्व उलगडा होता, आणि तो त्यानेच आपल्या मुखाने केला. व्हिडिओलॅन ही ना-नफा संस्था हा प्लेअर तयार करते. १९९६ साली पॅरिसच्या एकोल सेंत्राल या अभियांत्रिकी विद्यालयातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून तो जन्मला, आणि २००१ पासून मुक्त परवान्याखाली सर्वांस खुला आहे. संस्थेचे संकेतस्थळ भारतात २०२२ च्या फेब्रुवारीपासून अडवलेले होते. संस्थेने कायदेशीर नोटीस बजावल्यानंतर नोव्हेंबरात ती बंदी उठली. मूळ दार बंद आहे हे ज्यास ठाऊक होते, त्याने आडदाराने आणलेला माल अस्सल म्हणून माझ्या माथी मारला. घरी येऊन मी बसवणीच्या फाइलवर उजवी कळ दाबली आणि ‘प्रॉपर्टीज’ उघडल्या. विंडोजसाठीच्या अस्सल फाइलीवर ‘डिजिटल सिग्नेचर्स’ या सदरात व्हिडिओलॅनचे नाव असते. येथे ते सदरच नव्हते. तो पडदा पाहताना मला जो संताप आला, तो बाराशे रुपयांपेक्षा त्या ‘नको तिथं क्लिक’बद्दल अधिक होता.

आता इतरांसाठी. प्लेअर व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग याच स्थळावरून घ्यावा, आणि वर सांगितलेली सही तपासल्याखेरीज बसवू नये. ‘कोडेक पॅक’ म्हणून कोणी वेगळे काही देऊ लागल्यास स्वीकारू नये. व्हीएलसीत आवश्यक ते सर्व अंतर्भूत असते. जालावरील चित्रफीत लावण्यासाठी ‘मीडिया’तील ‘ओपन नेटवर्क स्ट्रीम’मध्ये व्हिडिओ-फाइलीचा थेट पत्ता चिकटवला की झाले, इंटरनेट आर्काइव्हवरील एमपी-फोर फाइलींचे पत्ते या मार्गाने उत्तम चालतात. चित्र थबकत असेल तर त्याच खिडकीतील ‘शो मोअर ऑप्शन्स’ उघडून ‘कॅशिंग’चा आकडा १००० मिलिसेकंदांवरून ३००० करावा.

यूट्यूबच्या पानाचा पत्ता मात्र व्हीएलसी अनेकदा नाकारते, कारण ते पान वाचणारी त्यातील छोटी आज्ञावली, पानाची रचना बदलली की निरुपयोगी ठरते. अशा ठिकाणी जाणकार लोक एमपीव्ही हा प्लेअर आणि वायटी-डीएलपी ही आज्ञावली अशी जोडी वापरतात, व दुसरी वेळोवेळी अद्ययावत करतात. तथापि यूट्यूबच्या अटी या मार्गास अनुकूल नाहीत, हे वाचून मगच ज्याने त्याने निर्णय करावा. तेथून मिळणारे थेट पत्ते काही तासांच्या मुदतीचे असतात, म्हणून यादीत पानाचाच पत्ता जपावा. वर्गणी घेऊन चित्रपट दाखवणाऱ्या सेवांचे चित्रपट वाइडवाइनसारख्या कुलपात असतात आणि बाह्य प्लेअरात उघडत नाहीत. ते पैसे घेऊन उघडून देतो म्हणणारा मनुष्य फसवतो आहे.

आणि माझ्या यंत्राचे ‘वय’? ब्राउझरला यूट्यूबवरून बहुधा व्हीपी-नाइन किंवा एव्ही-वन या नव्या पद्धतींनी आवळलेले चित्र मिळते. जुन्या यंत्रातील ग्राफिक्स चिपला ते उलगडता येत नाही, म्हणून सारा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. २००३ पासून रूढ असलेल्या एच.२६४ पद्धतीची फाइल तीच चिप सहज उलगडते. ‘टास्क मॅनेजर’ उघडून दोन्ही प्रकारे एकच मैफल लावून पाहावी, प्रोसेसरचा आकडाच साक्ष देतो. माझे यंत्र आजही त्याच टेबलावर चालू आहे.

खरेदीची पावती नेहमी जपावी, आणि तीत कशाचे किती हे तपशीलवार लिहून घ्यावे. ‘चार्जेस’ एवढ्या मोघम शब्दावर दमडीही देऊ नये. बसवून देण्याचे श्रम कोणी घेतले तर त्यांची मजुरी जरूर द्यावी. प्लेअरसाठी काही द्यावे असे ज्यास मनापासून वाटेल, त्याने ते व्हिडिओलॅनच्या संकेतस्थळावर देणगी म्हणून थेट संस्थेस द्यावे.