यादीत तवा राहिला

माहेरी परत आले तेव्हा आंबोलीत जुलै होता. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं गाव, आणि त्यातला निम्मा बहुतेक आमच्याच पडवीत. कपडे वाळेनात, उशी वाळेना. रडले तरी कुणाला कळत नव्हतं, तेवढी एक सोय झाली.

पहिले पंधरा दिवस चहा आणि खारीवर काढले. तेवढ्यात दोन चुका केल्या, दोन्ही उपाशीपोटी.

पहिली व्हॉट्सअ‍ॅपवर. करपलेल्या आंबोळीचा फोटो स्टेटसला टाकला आणि खाली लिहिलं, 'आमचा संसार. उलटायला सासूबाई होत्याच.' मैत्रिणी हसून लोळल्या. महिन्याभराने समझोत्याच्या बैठकीत समोरच्या वकिलांनी गठ्ठ्यातून तीच आंबोळी काढली, रंगीत प्रिंट करून. माझ्या वकीलबाई कानाशी पुटपुटल्या, "विनोद बरा आहे हो. पण आईला सांगायचा होता."

नोरा एफ्रॉन या अमेरिकन लेखिकेने आपला मोडलेला संसार 'हार्टबर्न' या कादंबरीत पाककृतींसकट मांडला, १९८३ साली. लोक पोट धरून हसले. पण पुढे त्यावर सिनेमा निघायचा होता, तेव्हा घटस्फोटाच्या करारात नवऱ्याने अट घातली, की पडद्यावरचा बाप प्रेमळच दिसला पाहिजे. तिथे निदान कादंबरी होती. माझं नुसतं स्टेटस. तेव्हा बायांनो, हसा, जरूर हसा, पण प्रकरण मिटेपर्यंत चुलीपाशीच. फोन लांब ठेवून.

दुसरी चूक महागात पडली. स्त्रीधनाची यादी मी एका संध्याकाळी घाईघाईत उरकली. सोनं, कपाट, मिक्सर, समया, अगदी चौरंगसुद्धा लिहिला. आजीने दिलेला बिडाचा तवा राहिला. स्त्रीधन बाईच्याच मालकीचं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच स्पष्ट केलंय. पण वस्तू होती हे दाखवायला पावती लागते, नाहीतर लग्नातला फोटो. तव्याचा फोटो कोण काढतो? ज्या माणसाला अंडं फोडता येत नाही, त्याच्याकडून निरोप आला, "तवा यादीत नाही." म्हणून सांगते, यादी पोटभर जेवून करा, आईला शेजारी बसवून. एकेक खोली डोळ्यांपुढे आणा आणि स्वयंपाकघराला सगळ्यात जास्त वेळ द्या. मोठ्या वस्तू आपोआप आठवतात, खलबत्ता आठवत नाही.

संमतीने वेगळं व्हायचं तर हिंदू विवाह कायद्याचं कलम १३-ब. आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि अर्जानंतर पुन्हा सहा महिने थांबायचं. हे सहा महिने न्यायालय माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलंय, पण त्या भरवशावर पुढचे बेत आखू नका. मला थांबावं लागलं.

त्या सहा महिन्यांत मी सावंतवाडीच्या बाजारातून नवा बिडाचा तवा आणून माणसाळवला. रोज तापवायचा, तेल सोडायचं, अर्धा कांदा काट्याला टोचून घासायचा. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद, चमचाभर मेथ्या. खाली मालवणात हे पीठ एका रात्रीत फुगतं, आमच्याकडे थंडीत दोन रात्री गोधडीत गुंडाळून चुलीशेजारी निजवावं लागतं. पहिल्या डझनभर आंबोळ्या खरवडूनच खाल्ल्या. शेजारच्या काकी दारातून बघत म्हणाल्या, "पयली चिकटतलीच गो. दुसरी घाल." दुसरीही चिकटली. काकींनी मग दुसऱ्या दिवशी काळ्या वाटाण्याचं सांबारं पाठवलं, की निदान चिकटलेली घशाखाली उतरेल. आठवड्याने एकीला जाळी पडली, कडा सुटल्या, आणि मी एकटीने चार खाल्ल्या. खारीचा पुडा तसाच मऊ पडून गेला.

निकालानंतर दोन महिन्यांनी त्याचा मेसेज आला. 'तव्याला गंज चढलाय. कसा काढायचा?'

'यादीत नाही,' असं टाइप केलं. पाठवलं नाही, आईला वाचून दाखवलं. आईच्या हातातलं उलथणं पडलं, इतकी हसली. मग ते पुसलं आणि लिहिलं, 'चिंचेने घास, कोरडा कर, तेल लाव. पहिली चिकटेल.'