पीकरक्षणाची बंदूक व तिची पारख

पुणे जिल्ह्यांतील भोर, मुळशी, आंबेगांव वगैरे डोंगराळ तालुक्यांत रानडुकरांचा उपद्रव ज्यांनीं सोसला आहे, त्यांस बंदुकीची गरज सांगावयास नको. परंतु बैल घेतांना दांत, खूर व चाल पाहणारा शेतकरी बंदूक घेतांना मात्र दस्त्याची चकाकी पाहून पैसे मोजतो. वाईट बैल फार तर नांगर ओढणार नाहीं. वाईट बंदूक धन्याचा हात किंवा डोळा घेते. म्हणून लहान कारखान्यांतून हातानें जुळविलेली बंदूक कशी पारखावी, याचा येथें विचार करूं.

प्रथम परवान्याविषयीं. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमांत पीकरक्षणाकरितां ठासणीची बंदूक, आणि संरक्षण वा क्रीडा यांकरितां निदान २० इंच लांबीच्या गुळगुळीत नळीची बंदूक, अशा दोहोंचा उल्लेख आहे. अर्ज पुणे शहरांत पोलिस आयुक्तांकडे व ग्रामीण तालुक्यांतून जिल्हाधिकाऱ्यांकडे करावा लागतो. मात्र बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें निराळी घ्यावी लागते. आटे पाडलेल्या नळीची रायफल शिवारांत सोयीची नाहीं, कारण तिची गोळी मैलाहून दूर जाते.

आतां कारागिराविषयीं. मीर कासिम नवाबानें १७६२ च्या सुमारास आपली राजधानी बिहारांतील मुंगेर येथें नेली व तेथें शस्त्रांचा कारखाना काढला. तेव्हांपासून तें गांव या धंद्यासाठीं प्रसिद्ध आहे. मुंगेर व जम्मू येथील परवानाधारक दुकानांतून १२ बोअरच्या बंदुकी तयार होत आल्या आहेत. मोठ्या कारखान्यांत प्रत्येक भाग मापावर उतरतो. लहान दुकानांत तो कानशीनें घासून बसवितात. त्यामुळें एकाच कारागिराच्या दोन बंदुकीही सारख्या नसतात. शेजाऱ्याची बंदूक चांगली निघाली, म्हणून आपलीही निघेल असें मानूं नये. प्रत्येक बंदूक स्वतंत्र पारखावी, हेंच या विषयाचें सार होय.

पहिली कसोटी शिक्का व क्रमांक. नव्या नळींतून नेहमींपेक्षां जबर बार काढून ती टिकते कीं नाहीं हें पाहतात व मग परीक्षेचा शिक्का मारतात. लंडनच्या बंदूककारांच्या संघास १६३७ सालीं मिळालेल्या सनदेनें तेथें ही परीक्षा सुरू झाली. आपल्या देशांत ती बंगालमधील ईशापूर येथील सरकारी कारखान्यांत होत आली आहे. शिक्का नसलेली बंदूक हातांतही धरूं नये. कारागिराचें नांव व क्रमांक नसलेलें शस्त्र विकण्यास कायद्याच्या ८ व्या कलमानें बंदी आहे. ज्याप्रमाणें सातबाऱ्याचा गट क्रमांक खरेदीखताशीं ताडून पाहतों, त्याप्रमाणें नळीवरील क्रमांक कागदाशीं आंकडा-आंकडा ताडून पाहावा. विनापरवाना लोहाराकडून घेतलेली बंदूक स्वस्त पडत नाहीं, तुरुंगांत नेते.

दुसरी कसोटी नळी. ठासणीच्या बंदुकींत आधीं गज घालून आंत जुना बार राहिला नाहीं, याची खात्री करावी. गज आंत जितका जातो, तितकीच नळीची लांबी बाहेरून भरली पाहिजे. काडतुसाची बंदूक उघडून नळी उजेडाकडे धरावी. आंत प्रकाशाचीं वलयें अखंड व वाटोळीं दिसावीं. वलय तुटलें किंवा काळवंडलें असल्यास तेथें फुगवटा अगर पोंचा आहे असें समजावें.

तिसरी कसोटी जोड. पुढील लांकडी मूठ काढून, बंद केलेली बंदूक हलवावी. खडखड होतां कामा नये. नळीचा मागचा भाग व पाठीची पट्टी यांच्यामधून उजेड दिसला, तर बंदूक परत द्यावी. काडतुसाच्या घराची लांबी विचारून घ्यावी. काडतुसावर लिहिलेली लांबी बार झाल्यानंतरची असते, म्हणून ७० मिलिमीटरचें काडतूस ६५ च्या घरांत सहज बसतें. पण उडतांना त्याचें तोंड उलगडण्यास जागा उरत नाहीं व दाब भयंकर वाढतो.

चौथी कसोटी घोडा व चाप. रिकाम्या बंदुकीचा घोडा अर्धा चढवून चाप ओढावा. घोडा पडूं नये. पूर्ण चढवून दस्त्यास हाताच्या तळव्यानें ठोकावें. तरीही पडूं नये. ताणकांट्यानें चाप ओढला असतां दीड ते दोन किलोच्या सुमारास सुटावा.

पांचवी कसोटी कागद. सुरक्षित ठिकाणीं, कारागिराच्या देखत, ४० यार्डांवर मोठा कागद लावून बार काढवावा व ३० इंच व्यासाच्या वर्तुळांतील छर्रे मोजावे. मोकळ्या नळीनें शेंकडा ४०, व तोंड आवळलेल्या नळीनें शेंकडा ७० छर्रे आंत पडावे. एका बाराचा भरंवसा न धरतां निदान तीन कागद पाहावे.

दस्ता सर्वांत शेवटीं. अक्रोडाचें लांकूड उत्तम. मनगटापाशीं त्याची रेघ लांबीच्या दिशेनें जावी, आडवी असल्यास तें तेथेंच मोडतें. नक्षी व रोगण यांची किंमत शून्य धरावी. दस्ता बदलतां येतो. पहिल्या चार कसोट्यांपैकीं एकही उणी ठरल्यास, किंमत कितीही उतरो, बंदूक घेऊं नये. जो कारागीर या कसोट्या आनंदानें करूं देतो त्याच्याकडेच जावें. जो टाळाटाळ करतो त्याच्या मालाची परीक्षा तेथेंच झाली.