संगणकाच्या गाभ्यांतील जुने भाग कसे काढतात

संगणकावर आपण लिहितों, हिशेब करितों, चित्रें पाहतों. परंतु हीं कामें आणि यंत्र यांच्यामध्यें एक आज्ञावली अहोरात्र राबत असते. तिला कर्नेल अथवा गाभा म्हणतात. लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें 1991 सालीं हेलसिंकी येथें लिहावयास घेतलेला लिनक्स हा असाच एक गाभा. अँड्रॉइड मोबाईलच्या पोटांत तोच आहे.

नवी सोय घालण्यांत कर्तबगारी आहे, असें सर्वांस वाटतें. जुनी सोय काढणें त्याहून अवघड, हें थोड्यांच्या ध्यानीं येतें. गाभ्याची अंतर्गत व्यवस्था वारंवार बदलते, आणि ती बदलली कीं तिच्यावर अवलंबून असलेला प्रत्येक जुना भाग दुरुस्त करावा लागतो. वापरणारेच विरळ झाले म्हणजे दुरुस्ती बरोबर झाली कीं नाहीं, हें पाहणार कोण? बरें, तो भाग एकाएकीं काढावा, तर जगाच्या कोठल्या तरी कोपऱ्यांत एखाद्याचें चालतें काम बंद पडावयाचें!

रायझर-एफएस ही डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची पद्धत. ती 2001 सालीं लिनक्समध्यें आली. पुढें तिची निगा राखणारे फारसे उरले नाहींत. 2022 सालीं ती काढण्याचा प्रश्न निघाला, तेव्हां आपण ती अद्याप वापरतों असें सांगणारेही निघाले. त्यांची अडचण खरी होती. गाभ्यांतून पद्धत गेली म्हणून डिस्कवरील अक्षर पुसलें जात नाहीं. तें वाचणारा मात्र नाहींसा होतो. आपल्याकडील मोडी दप्तरांची जी गत झाली तीच ही. म्हणून 2025 ही मुदत ठरली, आणि 5.18 या आवृत्तीपासून अशी डिस्क जोडतांच गाभ्याच्या नोंदींत तशी सूचना उमटूं लागली. फाइली दुसऱ्या पद्धतीवर उतरून घेण्यास लोकांना अडीच वर्षांहून अधिक अवधि मिळाला. जानेवारी 2025 मधील 6.13 या आवृत्तींतून तो भाग वगळण्यांत आला.

पूर्वीं अशा सूचनांची एक यादी गाभ्याच्या कागदपत्रांत असे: काय जाणार, केव्हां आणि कां. 2012 सालीं ती यादीच काढून टाकली. आमच्या मतें तें योग्य झालें. वापरणारा जो कागद कधीं उघडीत नाहीं, त्यावर लिहून ठेवणें ही कसली सूचना? जुनी वस्तु जेथें वापरली जाते तेथेंच ती भेटली पाहिजे.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत 386 या प्रोसेसरवर पाळी आली. टोरवाल्ड्स यांनीं लिनक्स प्रथम लिहिलें तें 386 च्याच यंत्रावर. परंतु दोन मूल्यें ताडून पाहून एकाच पावलांत अदलाबदल करण्याची 486 मधील आज्ञा त्याला ठाऊक नव्हती, आणि तेवढ्यासाठीं गाभ्यांत ठिकठिकाणीं आडवळणें राखावीं लागत. टोरवाल्ड्स यांनीं स्वतःच तो बदल स्वीकारला. फेब्रुवारी 2013 मधील 3.8 पासून नवें लिनक्स त्या यंत्रावर चालत नाहीं. ज्यांनीं तें जपून ठेविलें आहे, त्यांना 3.7 पर्यंतच्या आवृत्त्या मोकळ्या आहेत.