डाळमिल व गिरणीतील धूळ : स्फोटाचा धोका आणि उपाय

घाटनांदूर (ता. अंबाजोगाई, जि. बीड) परिसरात तूर, हरभरा, सोयाबीन ही महत्त्वाची पिके आहेत. माल कच्चा न विकता गावातच डाळ, बेसन, पीठ तयार केल्यास चार पैसे जास्त मिळतात. त्यासाठी शेतकरी गट मिनी डाळमिल, गिरणी, धान्य सफाई व प्रतवारी यंत्रे बसवीत आहेत. मात्र यंत्रे बंद शेडमध्ये आली की त्यांची धूळही तेथेच साचते. ही धूळ केवळ खोकला आणणारी नाही. योग्य परिस्थितीत ती दारूगोळ्यासारखी उडते.

धूळ का उडते ?

लाकडाचा ओंडका सावकाश पेटतो, ढलपी लवकर पेटते आणि कोरडा भुसा जाळावर उधळला तर क्षणात भडका होतो. पदार्थ जितका बारीक, तितका त्याचा हवेशी संबंध अधिक. स्फोटासाठी पाच गोष्टी एकत्र याव्या लागतात : (१) जळणारी बारीक धूळ, (२) हवेतील प्राणवायू, (३) धुळीचा ढग, (४) बंदिस्त जागा आणि (५) ठिणगी किंवा उष्णता. यांपैकी एक जरी काढली तरी स्फोट टळतो.

पीठ व धान्याची धूळ हवेच्या एका घनमीटरात सुमारे ५० ते ६० ग्रॅम झाली की ढग स्फोटक होतो. अशा ढगातून दोन मीटरवरचा २५ वॅटचा दिवाही दिसत नाही. रोजच्या कामात शेडभर एवढी धूळ नसते, पण इलेव्हेटरमध्ये व धूळ साठविण्याच्या पेटीत ती असू शकते.

दुसरा स्फोट अधिक घातक

इलेव्हेटरमध्ये लहानसा स्फोट झाला, तर त्याच्या धक्क्याने कैच्या, पत्रे व तुळयांवर साचलेली धूळ खाली उडते. तिचा मोठा ढग होतो आणि मागून येणारी ज्वाळा त्याला पेटविते. साधा हिशेब पाहा. १० मीटर लांब, ६ मीटर रुंद, ५ मीटर उंच शेडमध्ये फक्त १ मिलिमीटर थर साचला, तर सुमारे ३० किलो धूळ होते. ती सर्व उडाल्यास दर घनमीटरला १०० ग्रॅम भरते, म्हणजे स्फोटाला पुरून उरते.

असे घडलेले आहे. अमेरिकेत मिनियापोलिस येथील वॉशबर्न पिठाच्या गिरणीत २ मे १८७८ रोजी झालेल्या स्फोटात १८ जण मरण पावले. तेथीलच जॉर्जिया राज्यातील पोर्ट वेंटवर्थच्या साखर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ कामगार दगावले. साचलेल्या थरांमुळेच ही हानी वाढत गेली. आपल्याकडेही १९४८ च्या कारखाने कायद्याने कलम ३७ मध्ये स्फोटक धूळ व वायूबाबत काळजी घेण्याचे बंधन घातले होते.

हे उपाय करावेत

१. शेडची सफाई रोज करावी. कैच्या, मोटारीची पाठ, वायरींच्या पट्ट्या व दिव्यांवरील धूळ नियमित काढावी. फरशीवरचा रंग दिसेनासा झाला, की थर धोक्याचा झाला असे समजावे.

२. कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवू नये. त्याने आपणच ढग तयार करतो. मऊ झाडूने सावकाश झाडावे. साधा घरगुती व्हॅक्यूम वापरू नये.

३. धूळ जेथे निर्माण होते तेथेच ओढून घ्यावी. सायक्लोन व धूळपेटी शेडबाहेर, रहदारीपासून दूर ठेवावी. इलेव्हेटरवर स्फोटाचा दाब बाहेर सोडणारी झडप जाणकार अभियंत्याकडून बसवून घ्यावी.

४. माल आत जाण्यापूर्वी चाळणी व चुंबकाने खडे, खिळे काढावेत. लोखंडाचा तुकडा रोलरवर घासला तरी ठिणगी पडते.

५. घसरणारा पट्टा व कोरडे बेअरिंग तापून धूळ पेटवितात. वेळेवर वंगण द्यावे, पट्ट्याचा ताण तपासावा. इलेव्हेटर तुंबल्यास यंत्र बंद करून साफ करावे. तुंबलेलेच पुन्हा चालू करू नये.

६. यंत्रांना अर्थिंग करावे. धूळरोधक स्विच व झाकणाचे दिवे वापरावेत. बिडी, काडेपेटी शेडबाहेरच ठेवावी.

७. वेल्डिंगपूर्वी सर्व यंत्रे बंद करून भोवतालची १० ते १२ मीटर जागा साफ करावी. काम संपल्यावर तासभर लक्ष ठेवावे.

८. धुमसणाऱ्या ढिगावर पाण्याचा जोराचा फवारा मारू नये. धूळ उडून स्फोट होतो. यंत्रे बंद करून माणसे बाहेर काढावीत व अग्निशमन दलाला बोलवावे. आग पसरलेली नसेल, तरच बाहेर जाण्याची वाट पाठीशी ठेवून बारीक तुषार सोडावा.

वायूचाही विसर नको

गोबरगॅसमधील मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असल्यास स्फोट करतो. म्हणून संयंत्राजवळ विडी, कंदील नेऊ नये. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खड्ड्यात व जमिनीलगत साचतो. साठवणीतील धान्याला वापरायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांना पाणी लागल्यास विषारी फॉस्फिन वेगाने निघतो व पेटही घेतो. त्यांचा ढीग करू नये आणि धुरी तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यावी.

डाळमिल घेताना यंत्राची किंमत व वीज यांचा हिशेब आपण करतोच. त्याच हिशेबात रोजच्या अर्ध्या तासाच्या सफाईची मजुरी धरावी. हा खर्च किरकोळ आहे, पण शेड आणि त्यात राबणारी आपली माणसे त्यावरच सुरक्षित राहतात.